सोनेरी केसांत पाप कसले?

इंदूरच्या रामबागेतल्या एखाद्या मराठी घरात नातीने कमरेपर्यंतचे केस सोनेरी केले, तर आजीचा प्रश्न ठरलेला: "देवाने दिलेला रंग का गं बदललास?" आजीच्या स्वतःच्या अंबाड्यावर मात्र मेंदीची लाली असते.

तरी प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. केस नेमके कुणाचे? ते समाजाचे मानूनच विधवांवर केशवपन लादले गेले. १८९० मध्ये कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी त्याविरुद्ध संप केला.

आणि देवाने दिलेल्या रंगाचे म्हणाल, तर गीतेचा दुसरा अध्याय देहालाच बदलायच्या वस्त्राची उपमा देतो. मग रंगात पाप कसले?

जपणूक मात्र हवी. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे साठ सेंटिमीटरच्या वेणीचे टोक पाच वर्षांचे, झिजलेले. केस उजळवणाऱ्या लेपातला हायड्रोजन पेरॉक्साइड केसातले रंगद्रव्य, मेलॅनिन, फोडतो, तसे केस ज्याचा बनतो ते केराटिनही दुबळे करतो. टाळूच्या उबेने मुळे लवकर उजळतात, म्हणून तिथे लेप शेवटी लावायचा.

केस जिचे, निर्णय तिचा. फक्त लेप लावण्याआधी ४८ तास कानामागे थोडा लावून पाहावा, आणि आग झाली तर बेत सोडून द्यावा.