न केलेल्या कर्माचा हिशेब

धर्मशास्त्राने कर्माचे जे प्रकार सांगितले त्यांत नित्यकर्माचे स्थान मोठे चमत्कारिक आहे. काम्य कर्माला फळ असते म्हणून माणूस ते हौसेने करतो. नैमित्तिक कर्माला निमित्त असते, म्हणून ते टाळता येत नाही. नित्यकर्माचे मात्र असे की, केले तर विशेष काही पदरात पडत नाही आणि न केले तर प्रत्यवाय लागतो, असे एक प्रबळ मत आहे. या मतावर शंकराचार्यांनी घेतलेला आक्षेपही तितकाच प्रसिद्ध आहे. न करणे म्हणजे अभाव. अभावातून दोषासारखी भावरूप वस्तू उत्पन्न होईलच कशी? आचार्यांचा रोख मोक्षविचाराकडे होता आणि त्या वादात पडण्याचा आमचा अधिकार नाही. पण व्यवहारात हाच प्रश्न वारंवार पुढे उभा राहतो : जे कोणी केलेच नाही, ते एखाद्याच्या मृत्यूचे कारण कसे होते, आणि त्याचा दोष नेमका कोणाचा व केव्हाचा?

हा प्रश्न तपासून पाहण्यास अवजड मालवाहू ट्रकच्या नित्याच्या देखभालीइतके स्वच्छ उदाहरण आम्हांस दुसरे सापडत नाही. विषय वाङ्मयीन नव्हे, हे मान्य आहे. परंतु इंदूरहून मुंबईकडे जाणाऱ्या रस्त्यावर मानपूर मागे टाकले की माळव्याचे पठार संपते व गाडी नर्मदेच्या खोऱ्याकडे उतरू लागते. आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज दक्षिणेकडून नर्मदा ओलांडून माळव्यात चढले आणि आजही लग्नकार्याला, सुतकाला आपण या बाजूने ये-जा करतो. राऊ ते खलघाट या टप्प्यातील गणपती घाट माळव्यात कोणत्या कारणाने ओळखला जातो, हे वाचकांस सांगावयास नको. उतरणाऱ्या ट्रकचे ब्रेक निकामी व्हावेत, त्याने दुभाजक ओलांडावा आणि समोरून निमूटपणे चढणाऱ्या वाहनावर जावे, हा प्रकार तेथे वर्षानुवर्षे घडत आला. अखेर उतरणाऱ्या वाहनांसाठी सौम्य उताराचा वेगळा रस्ता 2024 साली खुला झाला. हे उत्तमच झाले. रस्ता बांधणे हे एकदा करावयाचे आणि डोळ्यांना दिसणारे काम असते. ब्रेकची तपासणी उद्याही करावी लागते, परवाही करावी लागते, आणि तिचा उद्घाटन समारंभ कधीच होत नाही.

घाटात नेमके काय घडते ते थोडे बारकाईने पाहिले पाहिजे, कारण नीतीचा प्रश्न त्या बारकाव्यातच दडला आहे. तीन आसांच्या ट्रकला 2018 पासून मालासह साडेअठ्ठावीस टन वजनाची मुभा आहे. एवढे वजन शंभर मीटर उंची उतरते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, तिने सुमारे ऐंशी लिटर गार पाणी उकळीला येईल. गाडीने वेग घेऊ नये अशी इच्छा असेल तर ही सारी ऊर्जा कोठेतरी उष्णतेच्या रूपाने जिरली पाहिजे. खालच्या गिअरमध्ये उतरल्यास तिचा बराच भार इंजिन उचलते. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, तर जवळजवळ सगळा भार ब्रेकच्या ड्रमवर येतो. ड्रम तापतो, तापला की फुगतो आणि आतून त्याला टेकणाऱ्या लायनिंगपासून दूर सरकतो. अती तापलेल्या लायनिंगची पकडही ढिली पडते. हवेच्या ब्रेकमध्ये लायनिंगला ड्रमपर्यंत नेणाऱ्या दांड्याची धाव ठरावीकच असते. लायनिंग झिजत जाते तसतशी ही धाव लांबत जाते, म्हणून ती वेळोवेळी पुन्हा आखूड करून घ्यावी लागते. मिस्त्री याला ब्रेक टाइट करणे म्हणतो. आता बऱ्याच गाड्यांत हे आपोआप करणारी योजना असते, पण ती योजना चालते आहे की अडकली आहे हे कोणीतरी वाकून पाहावेच लागते.

आता समजा, हे काम महिनाभर राहिले. सपाट रस्त्यावर काहीही बिघडत नाही. देवासपर्यंत गाडी ठणठणीत थांबते, टोलनाक्यावर थांबते, ढाब्यावर थांबते. दांड्याची धाव जवळजवळ संपत आली आहे, पण थंड ड्रमपर्यंत ती अजून पोचते. घाटात ड्रम तापून फुगतो आणि उरलेले काही मिलिमीटर कमी पडतात. चालक पेडल तळापर्यंत दाबतो आणि गाडी थांबत नाही.

‘अभावातून भाव कसा’ या शंकेचे व्यवहारातले उत्तर आम्हांस येथे दिसते. ब्रेक टाइट न करणे हा वरवर पाहता अभाव आहे. पण ज्या वस्तूच्या बाबतीत तो घडतो, ती वस्तू स्वस्थ बसलेली नसते. प्रत्येक थांब्यागणिक लायनिंग झिजते. हवेतली वाफ टाकीत पाणी होऊन साचते. चाकाच्या हबमधले ग्रीस पातळ होऊन निघून जाते. पाट्यांना आसाशी बांधणारे बोल्ट धक्क्याधक्क्याने सैल होतात. सृष्टीचे काम चालूच असते. माणसाने आपले काम थांबवले एवढेच. म्हणून न करणे ही पोकळी नव्हे. झिजण्याला आपण दिलेली ती संमती आहे, आणि संमती हे कर्मच आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांची औषधे, विहिरीचा कठडा, गच्चीवरची पन्हळ, सगळीकडे हाच न्याय लागू पडेल. पण तो विस्तार येथे नको.

पुढचा प्रश्न याहून अवघड आहे. 1976 साली बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी नैतिक दैवाचा विषय एकत्र चर्चेला घेतला. त्यात नेगेलने जे उदाहरण दिले ते, योगायोगाने म्हणा, ट्रकचालकाचेच होते : ज्याने अलीकडे ब्रेक तपासून घेतले नाहीत आणि ज्याच्या चाकाखाली एक मूल आले, असा चालक. तितकाच निष्काळजी दुसरा चालक त्याच रस्त्याने गेला असता आणि वाटेत मूल आले नसते, तर तो घरी जाऊन जेवून झोपला असता. दोघांचा निष्काळजीपणा सारखा, मग एक अपराधी आणि दुसरा निर्दोष कसा? आपण म्हणतो की ज्यावर माणसाचा ताबा नाही त्याचा दोष त्याला देऊ नये. आणि प्रत्यक्षात मात्र नेमका त्याच गोष्टीवरून निवाडा करतो.

आपला कायदाही असाच चालतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 नुसार, सदोष वाहन चालवणाऱ्याला किंवा चालवू देणाऱ्याला, म्हणजे मालकालाही, दंड आहे. दोष ठाऊक असला पाहिजे असेही नाही. साधारण काळजी घेतली असती तर कळला असता, एवढे पुरे. हे शब्द आम्हांस फार मोलाचे वाटतात, कारण अज्ञानाची पळवाट त्यांनी बंद केली आहे. परंतु 2019 च्या सुधारणेनंतर त्या दोषाची किंमत पंधराशे रुपये आहे. त्याच दोषामुळे अपघात होऊन कोणाला इजा झाली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड. दोष तोच, फरक उताराचा आणि समोर कोण आले याचा.

आमचे मत असे की, येथे दोन हिशेब एकत्र मिसळले जातात. मेलेल्याचे आपण काय देणे लागतो, हा एक हिशेब. तो परिणामावर अवलंबून असणे योग्यच आहे. जो मेला नाही त्याच्या घरी भरपाई पोचवण्याचा प्रश्न येत नाही. दोष किती, हा दुसरा हिशेब. आणि तो घाटाच्या पायथ्याशी नव्हे, सकाळी ट्रान्सपोर्ट नगरात गाडी सुटली तेथेच पुरा झालेला असतो. सुखरूप उतरलेल्या निष्काळजी माणसाला आपण ‘चला, निभावले’ म्हणून सोडतो, हा आपला दुबळेपणा आहे. निभावले हे खरे, पण निभावणारा तो नव्हे.

मात्र हा दोष कोणाच्या माथी मारायचा, हे ठरवताना हात थोडा आखडावा लागतो. आपल्याकडे पुष्कळ ट्रक एकेका, दोनदोन गाड्यांच्या मालकांचे असतात. हप्ता महिन्याच्या महिन्याला द्यावा लागतो आणि गाडी उभी राहिली तर भाडे बुडते. चालकाला बहुधा फेरीवर पैसे मिळतात. गाडी मिस्त्रीकडे उभी असलेला दिवस त्याच्या दृष्टीने बिनपगारी असतो. माल पाठवणारा वेळेचा तगादा लावतो, कारण माल घेणारा त्याला तगादा लावतो, आणि त्या साखळीच्या शेवटी वस्तू दोन रुपये स्वस्त मिळाली म्हणून खूष होणारे आपणच असतो. अपघातानंतर पोलीस मात्र चाकामागे बसलेल्यालाच शोधतात. फिटनेसचा दाखला असतो, हे खरे. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला तो दोन वर्षांचा मिळतो, त्यापुढे एका वर्षाचा. पण दाखला एका दिवसाची साक्ष देतो. नित्यकर्म कोणी वर्षातून एकदा उरकल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

चालकांना नित्यनेम ठाऊक नाही असेही म्हणवत नाही. खंडेनवमीला गाडी धुऊन झेंडूच्या माळा चढतात, नारळ फुटतो, आणि दर शनिवारी जुनी लिंबू-मिरची उतरून नवी बांधली जाते. सुशिक्षित मंडळी याला हसतात. आम्हांला हसू येत नाही. जो माणूस शनिवार चुकवत नाही, त्याच्यापाशी नित्यकर्माला लागणारी मुख्य गोष्ट आधीच आहे. लिंबू बांधायला वाकलेल्या त्याच माणसाने हवेच्या टाकीची खालची दोरी ओढून पाणी काढावे, चाकांचे नट पाहावेत, इंजिन बंद करून ब्रेक दाबून धरावा व हवा कोठे फुसफुसते का ते ऐकावे. जुने उस्ताद क्लीनरला हेच शिकवीत : थांब्यावर उतरलास की चहाआधी प्रत्येक हबला हात लाव, एक हब इतरांपेक्षा जास्त तापलेला असेल तर चहा राहू दे. ही विद्या कोठल्या ग्रंथात नव्हती, आणि अलीकडे क्लीनरविना एकट्या चालकावर गाडी सोडण्याची रीत वाढल्याने ती शिकायला कोणी उरलेही नाही.

मिस्त्रीचे काय? ज्या दिवशी त्याने लायनिंग पाहून ‘ही बदल, मगच जा’ असे सांगितले आणि मालकाने कुरकुरत ऐकले, त्या दिवशी घाटात काहीही झाले नाही. समोरून चढणाऱ्या मोटारीतील कुटुंब धामनोदहून इंदूरला आले, त्यांनी जेवण केले आणि रस्त्यावर गर्दी फार असल्याची तक्रार केली. आपण कशातून वाचलो हे त्यांना कळण्याचा मार्गच नाही. ते कोणाचे आभार मानणार? मिस्त्रीलाही ते कळत नाही. त्याच्या वहीत त्या दिवशी लायनिंगच्या जोडाची आणि मजुरीची नोंद असते, आणि मालकाने त्यातले काही पैसे पुढच्या फेरीवर ठेवलेले असतात.