मोठी टाकी

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले आणि नूतनीकरणानंतर २०१५ साली पुन्हा खुले झाले. अशा काचेपुढे उभे राहिले की वाटते, जितकी टाकी मोठी तितका मासा सुखी. पण समुद्री मासा नव्या टाकीत हलवणे एवढे सोपे नाही. नवी टाकी लखलखीत असते, पण ओसाड असते. मासे पाण्यात सोडतात तो विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू जुन्या दगडांवर आणि गाळणीत वस्तीला असतात. जाणता माणूस ते दगड सुकू न देता बरोबर नेतो, पाण्याचा खारटपणा आणि ऊब जुळवून घेतो. नाही तर मोठ्या घरातच मासे मरतात.

राधानगरीत राहणाऱ्या मला हा प्रश्न माशांपुरता वाटत नाही. शाहू महाराजांनी भोगावतीवर आरंभलेल्या धरणाने मुलूख हिरवा केला. पण पाणी साठते तिथे कुणाची तरी चूल हलते. कोयनेच्या कित्येक धरणग्रस्तांना दूरच्या जिल्ह्यांत जाऊन वसावे लागले. जमीन मोजून देता येते. शेजार, देवाचा पार, अडीनडीला धावणारा हात कशाने मोजणार? ही तर माणसाच्या जुन्या टाकीतली न दिसणारी वस्ती!

मग दुसऱ्याचे भले करायला त्याला हलवूच नये काय? हलवावे, पण त्याला काय मिळते याआधी त्याचे काय तुटते, हे त्यालाच विचारावे. मासा बोलत नाही, म्हणून आपण त्याचे पाणी तपासतो. माणूस बोलतो, तरी त्याला विचारायचे मात्र राहून जाते.