पाना कुणाच्या हातात?

रविवारी मी भंगारातल्या सायकली खोलतो. दोन मोडक्यांतून एक धड करतो. परवा असाच ग्रीसमध्ये हात घालून बसलो होतो. चळवळीतला एक पोरगा आला. बघून म्हणाला, "दादा, शिकून साहेब झालात, अन् पुन्हा पाना हातात? ह्यासाठी का बाबासाहेबांनी शिकायला सांगितलं?"

लागलं मला ते. माझा बापही असंच म्हणायचा. आज्यानं मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, बाप शहरात येऊन लिंबाखाली पंक्चर काढायला लागला. मी फ्रीव्हील खोलून बसलो की पाना हिसकून हातात पुस्तक कोंबायचा. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याचा पाना पोटासाठी होता, माझा रविवारचा आहे. हा फरक विसरून श्रमाचे गोडवे गाणारे लोक मला सहन होत नाहीत.

तरी प्रश्न उरतोच. जातीनं लादलेलं काम टाकायचं, हे ठरलं. त्याबरोबर हाताची अक्कलही टाकायची काय?

मोटार कशी झाली बघा. कार्ल बेंझनं १८८६ साली पेटंट घेतलं ती गाडी तीनचाकी. तारांची चाकं, नळ्यांची चौकट, मागल्या चाकांना साखळी. म्हणजे निम्मी सायकलच. हेन्री फोर्डनं १८९६ मध्ये डेट्रॉईटला घरामागच्या शेडमध्ये पहिली गाडी जोडली, तिलाही सायकलचीच चार चाकं. गाडी तयार झाली तर दारातून निघेना! कुऱ्हाडीनं विटा फोडल्या. (ह्याच फोर्डच्या वर्तमानपत्रानं १९२० पासून ज्यूंविरुद्ध गरळ ओकली. हात काळे झाले की मन साफ होतं, ह्या भ्रमात राहू नका.)

बेंझ हा रेल्वे इंजिनच्या ड्रायव्हरचा पोरगा. बाप लहानपणीच मेला. आईनं हाल काढून शिकवलं, पोरगं पॉलिटेक्निकात गेलं, मग कारखान्यात घासलं. पुस्तक आणि पाना एकाच माणसाच्या हातात आले. आपल्याकडे पुस्तक एकाच्या घरात अन् हत्यार दुसऱ्याच्या, मध्ये विटाळाची भिंत. जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची वाटणी आहे, असं बाबासाहेबांनी १९३६ मध्ये मांडलं ते हेच.

आता खरी गोष्ट. १८८८ च्या ऑगस्टात बेंझची बायको बर्था नवऱ्याला न सांगता दोन पोरांना घेऊन ती गाडी मानहाइमहून फोर्झहाइमला घेऊन गेली. सुमारे शंभर किलोमीटर. पेट्रोलची नळी तुंबली, तिनं टोपीच्या पिनेनं साफ केली. इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं. उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा वाटेतल्या एका चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकला अस्तर लावायची युक्ती तिथून निघाली म्हणतात.

"नाव काय त्या चांभाराचं?" पोरानं विचारलं.

गोष्टीत तो नुसता चांभार आहे. बेंझचं नाव गाडीवर, बर्थाचं पुस्तकात, अन् ह्याचं चामडं ब्रेकवर.

पोरगा गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणूनच म्हणतो दादा, पाना टाका. आपलं चामडंच जातं, नाव नाही."

मी म्हटलं, चाक धर, आउट काढायचाय. त्यानं धरलं. एक तार मी आवळली, दुसरी ढिली केली. रिम सरळ होताना तो वाकून बघत होता. पटलेलं नाहीच त्याला. पुढल्या रविवारी येतो म्हणालाय, भांडायला.