सोळा पायऱ्यांच्या पलीकडे

मॉरिशसमधल्या पोर्ट लुईच्या बंदरात आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या आहेत. १८३४ ते १९२० या काळात करारावर बांधून आणलेले जवळपास पाच लाख मजूर या बेटावर उतरले आणि उसाच्या मळ्यांवर गेले. एक दिवस खाडा झाला, तर दोन दिवसांची मजुरी कापली जायची. मुंबईहून जहाजावर चढलेली रत्नागिरीकडची माणसंही त्यांत होती. त्यांचे वंशज तिथे आजही गणपती बसवतात. आठ-दहा दिवसांच्या अभ्यास सहलीला गेलेला आपला विद्यार्थी हे पाहून गहिवरतो, आणि तो गहिवर खरा असतो.

पण तेवढ्यावर परत येऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

एकेकाळी हे बेट घनदाट रानाचं होतं. सतराव्या शतकात डचांनी तिथली एबनीची झाडं तोडून जहाजं भरली. पुढे फ्रेंचांनी आणि १८१० नंतर इंग्रजांनी उसासाठी रान साफ केलं. मूळचं चांगलं जंगल आज दोन टक्क्यांहूनही कमी उरलं आहे. ते तोडणारे हात आधी गुलामांचे होते, नंतर आपल्या माणसांचे. घाटावर पूर्वजांची नावं शोधताना हेही आठवायला हवं.

सगळ्यात अवघड धडा मात्र तिथून दोन हजार किलोमीटरहून लांब, चागोस बेटांवर आहे, आणि तिथे सहल जात नाही. १९६५ मध्ये, स्वातंत्र्य देण्याआधीच, ब्रिटनने ही बेटं मॉरिशसपासून तोडली. त्यांतल्या दिएगो गार्सियावर अमेरिकेचा लष्करी तळ हवा होता, म्हणून १९७३ पर्यंत तिथल्या सगळ्या रहिवाशांना हुसकावलं. त्यांची कुत्रीसुद्धा मारून टाकली. मग २०१० मध्ये ब्रिटनने तोच समुद्र संरक्षित म्हणून जाहीर केला. प्रवाळ आणि मासे वाचावेत, हे मलाही हवं आहे. पण मासेमारीच बंद झाली, तर बेटकऱ्यांनी परत जाऊन जगायचं कशावर? तळ मात्र जागेवरच राहिला. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने ती घोषणा बेकायदा ठरवली. निसर्ग राखण्याच्या नावाखालीही माणसाला त्याच्या घराबाहेर ठेवता येतं, हे पर्यावरण शिकणाऱ्या मुलांनी विशीतच पाहिलेलं बरं.

हुसकावलेल्यांपैकी कितीतरी जण पोर्ट लुईच्या कासी आणि रोश ब्वा या गरीब वस्त्यांत येऊन राहिले. सहलीतला एक अख्खा दिवस त्यांच्यासाठी ठेवावा. आधी विचारून जावं, कॅमेरा मुक्कामीच ठेवावा, त्यांच्या क्रिओल भाषेची चार वाक्यं शिकून घ्यावीत. चागोस बेटांवर लहानपण काढलेली म्हातारी माणसं आता थोडीच उरली आहेत. नारळ फोडून खोबरं वाळवणं हाच तिथला धंदा होता. कोकणातल्या मुलाला त्यांच्याशी बोलायला तिथूनच सुरुवात करता येईल.