आश्रय आणि अधिकार

पेरियार नदीच्या 1341 मधील महापुराने जुने मुजिरिस बंदर गाळाने बुजले आणि कोचीचे मुख समुद्राला खुले झाले, असे मानतात. मिरीच्या ओढीने या किनाऱ्याला लागलेल्या यहुदी, ख्रिस्ती, मुसलमान अशा सर्वांना केरळभूमीने जागा दिली. मट्टांचेरीस कोचीच्या राजाने दिलेल्या जमिनीवर, राजवाड्याच्या देवळालगत, 1568 साली उभारलेले यहुदी प्रार्थनामंदिर पाहिले म्हणजे या औदार्यापुढे मस्तक आपोआप नम्र होते. पोर्तुगीजांच्या धर्मच्छळामुळे गोव्यातून परागंदा झालेल्या गौड सारस्वतांनाही याच बंदराने थारा दिला, हे मराठी वाचकाने तरी विसरू नये.

हे सारे जकातीच्या लोभाने घडले, सबब त्यास धर्म म्हणू नये, हा आक्षेप मला पटत नाही. गरजेपोटी जन्मलेला सदाचारही पिढ्यान्‌पिढ्या निष्ठेने पाळला गेला की धर्मपदास पोहोचतो. माझी शंका निराळी आहे. इ.स. 1000 च्या सुमारास चेर राजा भास्कर रविवर्मन याने जोसेफ रब्बान या यहुदी पुढाऱ्यास दिलेल्या ताम्रपटात 72 हक्क बहाल केलेले असून, त्यांत करमाफीबरोबर पालखी, छत्र आणि दिवसाढवळ्या दिवा मिरविण्याचा मानही आहे. परंतु छत्र आणि पालखी यांना मान म्हणतात ते इतरांस त्यांची मनाई असते म्हणूनच! परक्यास सनद देऊन वर बसविणारी आणि अस्पृश्य मानलेल्या पुलय जातीच्या माणसास वाटेवरून दूर हटविणारी व्यवस्था एकच होती. प्रत्येकाची पायरी वरून नेमून देणे हाच तिचा प्राण असल्यामुळे आतिथ्य आणि अस्पृश्यता तिच्यात सुखाने एकत्र नांदली. 1924 साली वायकोमला सत्याग्रह झाला तो देवळाभोवतीच्या रस्त्यांसाठी, आणि त्या रस्त्यांवरून ख्रिस्ती व मुसलमान बिनदिक्कत जात असताना, त्याच देवाला मानणाऱ्या एळवा, पुलय अशा अवर्ण जातींना तेथे पाऊल टाकण्याची बंदी होती.

ज्या आश्रयाचा दाता तो हवा तेव्हा काढूनही घेऊ शकतो, त्याहून मोठे काही धर्माने दिले पाहिजे, अशी माझी श्रद्धा आहे. आणि ते मला राजदरबारापेक्षा कोची बंदराच्या मुखाशी असलेल्या वायपीन बेटावर, चेराई येथे, अधिक स्पष्ट दिसते. तेथे 1917 साली समाजसुधारक नारायण गुरूंचे शिष्य अय्यप्पन यांनी, स्वतः पुलयांहून वरच्या मानलेल्या एळवा जातीचे असून, पुलयांसमवेत सहभोजन घडवून आणले. जातभाईंनी त्यांना वाळीत टाकले, ‘पुलयन अय्यप्पन’ म्हणून हिणविले. अय्यप्पन यांनी ते नाव बिरुद म्हणून स्वीकारले.