वाचून दाखवणारं कुणीतरी

माझ्या भाच्याला वाचता येत नाही, हे वाक्य मी गेल्या दोन वर्षांत बऱ्याच जणांकडून ऐकलं. ते खरं आहे का, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. हा लेख त्या गोंधळाबद्दल आहे.

भाचा म्हणजे माझ्या मावसबहिणीचा मुलगा. आता सहावीत आहे, मराठी माध्यमात. चौथीत असताना त्याची तपासणी झाली आणि डिसलेक्सिया असल्याचं निदान झालं. त्याचे डोळे ठणठणीत आहेत, बुद्धी तर आमच्या सगळ्यांहून तल्लख. अडतं ते अक्षर आणि आवाज यांची गाठ बांधताना. आपल्याला सवयीनं कळत नाही, पण देवनागरी या बाबतीत वाटते तितकी सोपी नाही. 'किती' लिहिताना पहिली वेलांटी 'क'च्या आधी दिसते आणि उच्चारायची मात्र 'क'नंतर. जोडाक्षरात अर्धं अक्षर कधी खाली लटकतं, कधी डोक्यावर रफार होऊन बसतं. आपण हे सगळं एका नजरेत गिळतो. त्याला प्रत्येक शब्द दगड फोडल्यासारखा फोडावा लागतो आणि ओळीच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते.

मी सॉफ्टवेअरवाला. घरात काही बिघडलं की दुरुस्त करायला मला बोलावतात, आणि मलाही जगातली प्रत्येक अडचण दुरुस्तीलायक वाटते. मी जुना टॅबलेट घेतला. त्याच्या एका पुस्तकाची पीडीएफ होती, पण तिच्यातला मजकूर जुन्या फॉन्टमधला. कॉपी केला की नुसती चिन्हांची भेळ. मग पानांचं ओसीआर केलं, चुका हातानं सुधारल्या आणि त्यावर मराठी टेक्स्ट-टू-स्पीच बसवलं. यंत्र बोलतं तसा तो तो शब्द पिवळा होतो. दोन शनिवार-रविवार गेले. पोरगं टॅबलेट घेऊन कोपऱ्यात बसलं आणि तासाभरानं येऊन विचारलं, "मामा, शिवाजी महाराज आग्र्याहून सुटले तेव्हा संभाजीराजे केवढे होते?" चौथीपर्यंत ज्यानं इतिहासाच्या पुस्तकाकडे पाहून पोट दुखतं म्हणून सांगितलं, त्याचा हा प्रश्न. मला वाटलं, जमलं.

शाळेतल्या बाईंना तसं वाटलं नाही. त्या वाईट नाहीत, उलट मनापासून शिकवणाऱ्या आहेत. त्यांनी ताईला बोलावून सांगितलं, "हे वाचन नाही हो, ऐकणं आहे. तुम्ही त्याला कुबडी देताय." ताई रडवेली होऊन घरी आली. मी चिडलो. माझ्याकडे मुद्दे तयार होते.

पहिला मुद्दा: रेमंड कर्झवाइल यांनी १९७६ साली छापील पान मोठ्यानं वाचून दाखवणारं यंत्र आणलं, ते अंध लोकांसाठी. अंध माणसानं त्यावर पुस्तक ऐकलं तर तो लबाडी करतो असं कुणी म्हणत नाही. मग ज्याचे डोळे दिसायला चांगले आहेत, त्याच्यावरच हा संशय का? अडचण दिसत नाही म्हणून? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं विशिष्ट अध्ययन अक्षमता यादीत घेतली आहे. आपल्या मनानं अजून घेतलेली दिसत नाही.

दुसरा मुद्दा: गॉ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ साली वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं. वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. दोन्हींपैकी एक शून्याजवळ गेलं की उत्तर शून्याजवळ. भाच्याची दुसरी संख्या भक्कम आहे, पहिली कमकुवत. विज्ञानाच्या पेपरात आपल्याला तपासायचं असतं विज्ञान, आणि मार्क जातात वेलांटीत. हा अन्याय नाही तर काय?

तिसरा मुद्दा आपल्या मातीतला. आपल्याकडे पोथी एक जण वाचतो आणि दहा जण ऐकतात. ऐकणाऱ्यांना कुणी कमी लेखत नाही. नवविधा भक्तीत तर श्रवण पहिलं. पाणिनीय शिक्षेत वाईट पाठकांचे सहा प्रकार सांगितले आहेत, त्यात चक्क लिहिलेलं पाहून वाचणारा एक आहे! त्या काळच्या गुरुजींना आपण सगळेच कुबडीवाले वाटलो असतो.

हा तिसरा मुद्दा मी ताईला ऐटीत ऐकवला. नंतर मात्र त्याच यादीनं मला अडकवलं. त्या सहांत आणखी एक आहे: अर्थ न जाणता वाचणारा. म्हणजे माझं यंत्र. ते पाहूनच वाचतं आणि त्याला अर्थही कळत नाही.

याचा प्रत्यय लवकरच आला. एका गोष्टीत आजोबा नातवाला म्हणतात, "तू मनासारखं जग." यंत्रानं 'जग' असं उच्चारलं की जणू पृथ्वीगोल. पोरगं खो खो हसलं. "मामा, हे जग नाही, जग!" आता ही दुरुस्ती लिहून दाखवताच येत नाही, कारण दोन्ही शब्द कागदावर हुबेहूब सारखे. कुठला 'ज' ते अर्थ ठरवतो. यंत्राला अक्षरं येत होती आणि ते चुकलं. भाच्याला अक्षरं जड जात होती आणि तो बरोबर होता. मग त्या वाक्याचं वाचन कुणी केलं? मी म्हणेन, भाच्यानं. बाईंचं 'हे वाचन नाही' मला तेव्हापासून पटत नाही.

पण लेख इथे संपला असता तर मी जिंकलो असतो, आणि मी जिंकलेलो नाही.

गेल्या मे महिन्यात तो आमच्याकडे पुण्याला आला होता. परत सोडायला मी त्याला स्वारगेटला घेऊन गेलो. पाण्याची बाटली घ्यायला मी दोन मिनिटं बाजूला झालो, जाताना सांगितलं, "साताऱ्याची गाडी लागली की हाक मार." परत आलो तर गाडी समोर उभी, पाटी ढळढळीत मराठीत, आणि हा तिच्याकडे बघतसुद्धा नव्हता. "वाचलं नाहीस?" त्यानं खांदे उडवले. "टॅबलेट बॅगेत आहे." वर्षभरापूर्वी हाच मुलगा दुकानांच्या पाट्या अडखळत का होईना लावायचा. आता त्यानं प्रयत्न करणंच सोडलं होतं.

मी घरी येऊन हिशेब मांडला. टॅबलेट आल्यापासून ताईनं रोज संध्याकाळी त्याच्यासोबत वाचायला बसणं बंद केलं होतं. अक्षरओळख पक्की करायला आठवड्यातून दोनदा एका विशेष शिक्षिकांकडे जायचं, तेही मागे पडलं होतं. ताईला दोष देत नाही. नोकरी, सासूबाईंचं आजारपण, तिची ओढाताण मी पाहतो. आणि मी? मी दोन शनिवार-रविवार देऊन सुटलो होतो. सूत्रातली पहिली संख्या यंत्रानं उसनी दिली, तेव्हा त्याची स्वतःची ती संख्या वाढवायचं काम आम्ही सगळ्यांनीच खाली ठेवलं.

कुबडी हा बाईंचा शब्द मला अजूनही आवडत नाही. पण त्यातला एक प्रश्न खरा होता, फक्त त्याचं तोंड चुकीच्या दिशेला होतं. पोरगं लबाडी करतंय का, हे विचारण्यात अर्थ नाही. मोठी माणसं करतायत का, हे विचारायला हवं. शिकवायला वेळ लागतो, यंत्र द्यायला लागत नाही. गरजेची मदत म्हणून दिलेली वस्तू आणि पिच्छा सोडवण्यासाठी दिलेली वस्तू बाहेरून अगदी सारखी दिसते, त्या दोन 'जग'सारखी. कुठली कुठली, ते अर्थावरून ठरतं.

मग आम्ही त्यालाच विचारलं. खरं तर सुरुवातीलाच विचारायला हवं होतं. "तुला टॅबलेट का आवडतो?" मला वाटलं, सोपं जातं म्हणून सांगेल. तो म्हणाला, "ते चिडत नाही."

ताईनं मान खाली घातली. मीही. मला आठवलं, तो एखाद्या शब्दावर अडला की मी किती पटकन तो शब्द सांगून टाकायचो, आणि सांगताना एक बारीकसा सुस्कारा सोडायचो.

आता आमची व्यवस्था अशी आहे. विज्ञान, इतिहास, भूगोल आणि हव्या त्या गोष्टी तो टॅबलेटवर ऐकतो, बिनदिक्कत. परीक्षेतल्या सवलतींसाठी ताईनं अर्ज केला आहे. विशेष शिक्षिकांकडे जाणं पुन्हा सुरू आहे. आणि रोज रात्री एक परिच्छेद तो स्वतः वाचतो, कुणाच्या तरी सोबत. बुधवारी माझी पाळी, व्हिडिओ कॉलवर.

परवा चार ओळींना अकरा मिनिटं लागली. 'स्वच्छता' या शब्दावर तो बराच वेळ थांबला. तेव्हा मला एक गोष्ट उमगली. यंत्र चिडत नाही हे खरं, पण ते थांबतही नाही. शब्द उच्चारून पुढच्या ओळीवर जातं. त्याला वाट पाहायची नसते. वाट पाहणं हे ज्याला घाई आहे त्यालाच जमतं, आणि घाई मला होती. दुसऱ्या खिडकीत ऑफिसचे मेसेज टिकटिक करत होते.

मी खिडकी बंद केली आणि गप्प बसलो. "स्व... स्वच्... छ," तो म्हणाला, मग थांबला, मग माझ्याकडे पाहिलं, मी चिडलोय का ते बघायला.