कुंपणावरचा अडुळसा

गावाकडे अडुळसा कुंपणाला लावतात, कारण शेळीसुद्धा त्याला तोंड लावत नाही. पण घरात कुणाला कफाचा खोकला झाला, की आजी त्याच कुंपणाकडे वळते. नुसती पानं कुटून रस फारसा सुटत नाही; आधी ती वाफवायची, मग फडक्यातून पिळायची. हिरवागार, कडूजहर रस, त्यात चमचाभर मध. पोरं तरीही पळतातच! याच पानांतल्या व्हॅसिसीनवरून पुढे ब्रोमहेक्सिन तयार झालं, कफ पातळ करणारं. आज ते खोकल्याच्या कितीतरी सिरपांत असतं. गरोदर बाईला मात्र अडुळसा देऊ नये. आणि खोकला २ आठवडे हटला नाही, तर रस बाजूला ठेवून आधी थुंकी तपासून घ्यावी.